बोटांना बळ देणारी यंत्रे आणि शुमानचा उजवा हात (धागा)

१/
१८३२ च्या मे महिन्यात लाइपझिगमधील एका तरुणाने आपल्या रोजनिशीत एका 'सिगार-यंत्रा'चा उल्लेख केला. बोटांच्या सरावासाठी योजलेले ते साधन होते. जूनमध्ये त्याच रोजनिशीत उजव्या हाताचे मधले बोट पूर्ण ताठरल्याची नोंद आढळते. वर्ष सरण्यापूर्वी त्याने पियानोवादक होण्याची आशा सोडली. या तरुणाचे नाव रॉबर्ट शुमान. पुढे एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ संगीतकारांमध्ये त्याची गणना झाली.

२/
ही कथा सहसा एका वाक्यात सांगितली जाते : बोट बळकट करण्याचे यंत्र वापरले आणि बोट कायमचे गेले. प्रत्यक्षात पुरावे इतके सरळ नाहीत. शिवाय शुमान हा एकटा उतावळा तरुण नव्हता. त्याच्या काळातील अर्धा युरोप बोटे आणि मनगट 'तयार' करण्याच्या ध्यासाने झपाटलेला होता. तो ध्यास कोठून आला, त्यातून काय घडले आणि शुमानच्या हाताला नेमके काय झाले असावे, याचा हा मागोवा.

३/
आरंभ वाद्यापासून करावा लागतो. अठराव्या शतकातील व्हिएन्ना पद्धतीच्या पियानोच्या पट्ट्या हलक्या होत्या. बोटांच्या अल्प दाबानेही त्या बोलत. इंग्लंडमधील पियानो अधिक जड, अधिक खोल पट्ट्यांचा आणि भरदार आवाजाचा होता. सभागृहे मोठी होत गेली, तसा आवाजही मोठा हवा झाला. १८२१ मध्ये पॅरिसच्या एरार कारखान्याने अशी यंत्रणा आणली की पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वीच तोच स्वर पुन्हा वाजवता येई. वेग आणि बळ या दोन्हींची अपेक्षा एकाच वेळी वाढली.

४/
आता हाताची रचना पाहू. आपल्या बोटांमध्ये बोट हलवणारा एकही स्नायू नाही. बोटे वाकवणारे आणि ताणणारे मोठे स्नायू कोपर व मनगट यांच्या मधल्या भागात, म्हणजे अग्रबाहूत असतात; त्यांचे कंडरे मनगटावरून दोरीसारखे बोटांपर्यंत जातात. काही लहान स्नायू तळहातात असतात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरून उजवी बोटे हलवली, तर हे स्नायू हलताना सहज जाणवतात. 'बोटांची ताकद' हा शब्दप्रयोग वस्तुतः अग्रबाहूविषयी बोलतो.

५/
वाचकांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. तळहात टेबलावर पालथा ठेवावा. मधले बोट आत दुमडून घ्यावे आणि उरलेली बोटे टेबलावर टेकवावीत. आता एकेक बोट उचलावे. अंगठा उचलतो, तर्जनी उचलते, करंगळीही उचलते. अनामिका मात्र जागची हलत नाही, किंवा हलली तरी जेमतेम. हा दुबळेपणा नाही आणि आळसही नाही. ही मानवी हाताची रचना आहे.

६/
तर्जनी आणि करंगळी यांना वर उचलणारा स्वतःचा एक जादा स्नायू लाभलेला असतो. मध्यमा आणि अनामिका यांना तो नाही. शिवाय हाताच्या पाठीवर अनामिकेचा कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडऱ्यांशी आडव्या पट्ट्यांनी जोडलेला असतो. म्हणून मधले बोट दुमडले की अनामिकाही अडकते. पियानोशिक्षकांना हा निसर्गाचा दोष वाटला. पाचही बोटे सारख्या बळाची आणि सारखी स्वतंत्र व्हावीत, हे त्यांचे ध्येय ठरले. दोष ठरला की उपाय विकणारेही पुढे येतात.

७/
त्यांतील पहिले ठळक नाव योहान बर्नहार्ड लोजिए. जन्म १७७७, जर्मनीतील कासेल येथे. आयुष्याचा मोठा भाग आयर्लंडमध्ये. १८१४ मध्ये त्याने 'कायरोप्लास्ट' नावाच्या साधनाचे पेटंट घेतले. ग्रीक शब्दांपासून घडवलेल्या या नावाचा अर्थ साधारणपणे 'हाताला आकार देणारे'. पियानोच्या पट्ट्यांसमोर हे साधन बसवले जाई. दोन समांतर दांड्यांमधून मनगटे जात, त्यामुळे ती वरखाली होऊ शकत नसत.

८/
पुढे पितळी दांडीवर सरकणाऱ्या दोन चौकटी असत. प्रत्येक चौकटीत पाच खाचा, एकेका बोटासाठी एकेक. बोट आपल्या खाचेतून फक्त खालीवर जाऊ शकत असे. इकडेतिकडे भरकटण्याची सोयच नव्हती. नवशिक्याची चुकीची सवय मुळातच लागू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू वाईट नव्हता. परंतु हात कसा ठेवावा हे विद्यार्थ्याच्या जाणिवेने ठरण्याऐवजी आता लाकूड आणि पितळ ठरवू लागले.

९/
लोजिएची दुसरी कल्पना सामूहिक वर्गाची होती : अनेक पियानो, अनेक विद्यार्थी, एकच ताल. एका शिक्षकाने पुष्कळांना एकदम शिकवावे, हा त्या काळाचाच विचार होता. मद्रासच्या अनाथालयातील अनुभवावरून अँड्र्यू बेलने मांडलेली, विद्यार्थ्यांकरवी विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत याच सुमारास इंग्लंडभर पसरत होती. लोजिएच्या शाळाही पसरल्या. लंडनमधील नामवंत संगीतज्ञांनी त्याच्यावर कडाडून टीका केली. तरीही १८२० च्या दशकात प्रशियाच्या सरकारने त्याला बर्लिनला पाचारण केले.

१०/
पॅरिसमध्ये फ्रीड्रिश काल्कब्रेनर या ख्यातनाम वादकाने हेच साधन सोपे केले. बोटांच्या खाचा गेल्या. अग्रबाहू टेकवण्यासाठी एक आडवी दांडी उरली. तिचे नाव 'गीद-मँ', म्हणजे हाताचा मार्गदर्शक. १८३१ च्या सुमारास त्याने तिच्यासाठी स्वतंत्र पाठ्यपुस्तकच काढले. या दांडीचा आधार घेतला की सराव करताना समोर पुस्तक ठेवून वाचनही करता येते, असे तो सांगे. सरावातून मन वजा केले तरी बोटे शिकत राहतात, असा यामागचा विश्वास. धाग्याच्या शेवटी हा मुद्दा पुन्हा येईल.

११/
त्याच वर्षी एकवीस वर्षांचा फ्रेडरिक शोपाँ पॅरिसला आला. काल्कब्रेनरने त्याला आपल्याकडे तीन वर्षे शिकण्याचा सल्ला दिला. शोपाँने आदर राखून नकार दिला. पुढे त्याने पियानोशिक्षणाच्या एका पुस्तकाची टिपणे केली. ते पुस्तक अपूर्ण राहिले. त्या टिपणांतील विचार काल्कब्रेनरच्या अगदी उलट आहे. प्रत्येक बोटाची घडण निराळी, म्हणून प्रत्येकाचा स्पर्शही निराळा. सगळ्यांना एकसारखे करण्यापेक्षा त्या वेगळेपणाचा उपयोग करून घ्यावा, असे शोपाँचे म्हणणे. परंतु बाजार या विचाराच्या बाजूचा नव्हता.

१२/
१८३६ मध्ये आंरी हर्त्झने 'डॅक्टिलियन'चे पेटंट घेतले. पट्ट्यांच्या वर दहा कड्या स्प्रिंगांना लटकत. प्रत्येक बोट एकेका कडीत अडकवायचे आणि स्प्रिंगच्या ओढीविरुद्ध पट्टी दाबायची. आजच्या व्यायामशाळेतील ताणाच्या यंत्रांचे हे जुने भावंड. हर्त्झने त्यासाठी एक हजार व्यायामांचे पुस्तकही प्रसिद्ध केले. मूठ आवळण्याच्या स्प्रिंगा आज दुकानोदुकानी मिळतात. त्यांच्यामागची कल्पना याच कुळातील आहे.

१३/
या साऱ्याला व्यापक पार्श्वभूमी होती. १८११ मध्ये फ्रीड्रिश लुडविग यान याने बर्लिनच्या हाझनहाइडे येथे खुले व्यायाममैदान सुरू केले आणि जर्मन तरुणांत कवायतीचे वारे शिरले. दुसरीकडे कारखान्यांतील यंत्रे माणसापेक्षा अधिक सारखे, अधिक वेगवान काम करून दाखवत होती. शरीर ही सुधारता येण्याजोगी यंत्रणा आहे, तिचा प्रत्येक भाग सुटा करून तयार करता येतो, ही धारणा रुजत होती. पियानोच्या बाकावर बसलेल्या मुलामुलींपर्यंत ती पोचणे स्वाभाविक होते.

१४/
अशा काळात ८ जून १८१० रोजी सॅक्सनीतील झ्विकाउ येथे शुमानचा जन्म झाला. वडील पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक. ते १८२६ मध्ये निवर्तले. मुलाने वकील व्हावे, ही आईची इच्छा. १८२८ मध्ये तो कायदा शिकण्यासाठी लाइपझिगला आणि पुढील वर्षी हायडेलबर्गला गेला. १८३० च्या ईस्टरच्या सुमारास फ्रँकफुर्टमध्ये त्याने पागानिनीचे व्हायोलिन ऐकले. त्यानंतर कायद्याच्या पुस्तकांत त्याचे मन रमणे अशक्यच होते.

१५/
त्याने आईला पत्र लिहून विनवले : लाइपझिगचे पियानोशिक्षक फ्रीड्रिश वीक यांनाच विचार, ते म्हणतील तसे करू. वीकने उत्तरात मोठी हमी दिली. मुलाने शिस्तीने मेहनत केली, तर तीन वर्षांत आपण त्याला युरोपातील अग्रगण्य वादकांच्या पंक्तीत बसवू, असा त्याचा सूर होता. अटीही बऱ्याच होत्या; सुरुवातीला सहा महिने परीक्षेचे. विधवा आईने धडधडत्या अंतःकरणाने होकार दिला. ऑक्टोबर १८३० मध्ये शुमान वीकच्या घरी राहायला आला.

१६/
त्या घरात त्याच्यासमोर रोज एक आरसा होता. वीकची मुलगी क्लारा नुकती अकरा वर्षांची झाली होती. नोव्हेंबर १८३० मध्ये लाइपझिगच्या गेवांटहाउस सभागृहात तिचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. वडिलांनी तिला पाचव्या वर्षापासून शिकवले होते. शुमान वीस वर्षांचा होता. गेलेली पंधरा वर्षे त्याला तीन वर्षांत भरून काढायची होती, आणि आईला दिलेला शब्दही पाळायचा होता. त्याची घाई समजण्यासाठी एवढे पुरे आहे.

१७/
हाताची तक्रार मात्र वीकच्या घरी सुरू झाली नव्हती. १८३० च्या आरंभी, हायडेलबर्गला असतानाच, एक बोट बधिर वाटत असल्याचे त्याने रोजनिशीत टिपले आहे. यंत्राचा उल्लेख येण्यापूर्वी दोन वर्षांची ही नोंद फार महत्त्वाची आहे. यंत्राने आजार जन्माला घातला, की आधीच ऐकेनासे झालेले बोट ताळ्यावर आणण्यासाठी यंत्र आले? रोजनिशीचा क्रम दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतो.

१८/
१८३२ मध्ये त्याने पागानिनीच्या रचनांवर आधारित पियानो-अभ्यासिका प्रसिद्ध केल्या. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत बोटांचे व्यायाम आहेत. म्हणजे ज्या काळात त्याचे स्वतःचे बोट हातचे निसटत होते, त्याच काळात तो इतरांसाठी बोटांचे व्यायाम लिहीत होता. याच मे महिन्यात सिगार-यंत्राची नोंद आणि जूनमध्ये ताठरलेल्या बोटाची. जितके बोट ऐकेना, तितका सराव वाढला. जितका सराव वाढला, तितके बोट ऐकेनासे झाले.

१९/
मग उपचारांची मालिका सुरू झाली. लाइपझिगच्या डॉक्टरांनी 'प्राणिस्नान' सुचवले : नुकत्याच कापलेल्या जनावराच्या उबदार पोटात हात घालून बसायचे. त्या काळी हा मान्यताप्राप्त उपाय होता. जनावराचा काही स्वभाव आपल्यात उतरणार तर नाही ना, अशी शंका शुमानने व्यक्त केली आहे. ब्रँडीने हात धुणे, रात्री वनस्पतींचा लेप, पुढे विजेचे झटके, त्यानंतर होमिओपॅथी. कशाचाच उपयोग झाला नाही.

२०/
नोव्हेंबर १८३२ मध्ये त्याने आईला लिहिले की हाताच्या बाबतीत आपण मनाची समजूत घातली आहे; तो बरा होईल असे वाटत नाही. आता पुन्हा चेलो हाती घेऊ, कारण त्याला बोटे डाव्या हाताची लागतात आणि सिंफनी लिहिताना ते ज्ञान उपयोगी पडेल. ज्या आईला दोन वर्षांपूर्वी त्याने इतके विनवले होते, तिला हे कळवताना त्याने स्वर शांत राखला आहे. त्या शांतपणाची किंमत काय असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

२१/
आता इतिहासकाराचा प्रश्न : नेमके कोणते बोट, आणि कशाने? साक्षीदार चार आहेत. शुमानची रोजनिशी मधल्या बोटाचे नाव घेते. १८४१ मध्ये डॉक्टर मोरिट्झ रॉयटरने दिलेल्या दाखल्यात तर्जनी आणि मध्यमा ही दोन बोटे येतात, आणि बोटे मागे ओढून धरणाऱ्या यंत्राचा उल्लेखही येतो. वीक १८५३ च्या आपल्या पुस्तकात तिसऱ्या आणि चौथ्या बोटाविषयी लिहितो. आणि क्लाराच्या सांगण्यानुसार बिघडली ती तर्जनी, तीही आवाज न करणाऱ्या जड पट्ट्यांवरील सरावामुळे.

२२/
प्रत्येक साक्षीमागे हेतू आहे. रॉयटरचा दाखला शुमानला लाइपझिगच्या नागरी सैन्यदलातील सेवेतून सूट मिळावी म्हणून होता; त्यात अपंगत्व ठळक दिसणे आवश्यक होते. वीकने क्लाराच्या विवाहाला न्यायालयापर्यंत विरोध केला होता. यंत्र आपल्या इच्छेविरुद्ध विद्यार्थ्यानेच शोधून काढले, असे सांगण्यात स्वतःवरची जबाबदारी झटकणेही होते. कारण बोटांच्या सरावाची साधने त्याच्या स्वतःच्या दुकानातही मिळत. क्लाराला पतीची स्मृती जपायची होती. समकालीन रोजनिशीला म्हणूनच सर्वाधिक वजन द्यावे लागते.

२३/
१९७१ मध्ये एरिक सॅम्स या संगीत-अभ्यासकांनी वेगळाच तर्क मांडला. त्यांच्या मते यंत्राची गोष्ट दुय्यम होती. गुप्तरोगावर त्या काळी पारा देत, आणि पाऱ्याच्या विषबाधेने बोटे दुबळी झाली असावीत. या तर्कावर बरीच चर्चा झाली. मात्र एक अडचण राहते. विषबाधेने हात गेला असता, तर तो सगळ्याच कामांना नकार देता. शुमान त्याच उजव्या हाताने आयुष्यभर स्वररचना, लेख आणि पत्रे भरभरून लिहीत राहिला. बोट अडत होते ते मुख्यतः पियानोवर.

२४/
हेच लक्षण आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. जर्मन वैद्यक आणि संगीतज्ञ एकार्ट आल्टेनम्युलर यांनी २००५ मध्ये शुमानचा आजार म्हणजे वादकांना होणारा 'फोकल डिस्टोनिया' असावा, असे प्रतिपादन केले. यात वेदना बहुधा नसते. विशिष्ट काम करतानाच बोट आपोआप आत वळते किंवा ताठरते. इतर कामांत हात जवळपास ठीक चालतो. व्यावसायिक वादकांपैकी साधारण शंभरात एकाला हा त्रास होतो, असा अंदाज सांगितला जातो.

२५/
यातील बिघाड स्नायूंच्या बळाचा नसतो. मेंदूत प्रत्येक बोटासाठी स्वतंत्र जागा असते. १९९६ मध्ये नॅन्सी बिल, मायकेल मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी माकडांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकडांना एक मूठ पुन्हापुन्हा आवळायला शिकवले होते. काही काळाने त्यांच्या हाताची हालचाल बिघडली. तपासणीत आढळले की मेंदूच्या नकाशातील बोटांच्या सीमा पुसट होऊन एकमेकींत मिसळल्या होत्या. एकसुरी, अखंड आवर्तनाने बोटे स्वतंत्र होण्याऐवजी मेंदूच्या लेखी एकत्र झाली.

२६/
येथे सावधगिरी हवी. जवळपास दोन शतकांपूर्वीच्या रुग्णाची नाडी कागदावरून पाहता येत नाही. डिस्टोनिया हा सर्वांत जुळणारा खुलासा आहे, एवढेच म्हणणे योग्य. पण तो मान्य केला तर 'सिगार-यंत्रा'ची भूमिकाही स्पष्ट होते. ते आजाराचे मूळ नसेल. मात्र ज्या बोटाला विसावा आणि निराळ्या प्रकारची हालचाल हवी होती, त्याच्यावर आणखी ताण आणि आणखी आवर्तने लादली गेली. दुखण्याचे नाव 'दुबळेपणा' ठरवले की औषध 'बळ' हेच ठरते.

२७/
शुमानचे उदाहरण पुढच्या पिढीला माहीत होते. तरी ध्यास ओसरला नाही. १८६५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये वॉर्ड जॅक्सनने बोटे आणि मनगट यांच्या कवायतीवर पुस्तक लिहिले. बोटांच्या बेचक्यांत बुचाचे गोल तुकडे धरून करायचे व्यायाम त्यात आहेत. १८७३ मध्ये फ्रान्समधील शार्ल-लुई हानोंच्या ६० व्यायामांचा संग्रह आला. पाचही बोटे सारखी बलवान व्हावीत, हाच त्याचा उद्घोष. तो संग्रह आजही जगभर वापरात आहे.

२८/
टोक गाठले ते शस्त्रक्रियेने. १८८४ मध्ये फिलाडेल्फियाचे शल्यविशारद विल्यम फोर्ब्स यांनी बॉस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात वादकांची अनामिका 'मुक्त' करण्याच्या शस्त्रक्रियेवर लेख लिहिला. हाताच्या पाठीवरील ज्या आडव्या पट्ट्या अनामिकेला शेजारच्या बोटांशी जोडतात, त्या कापून टाकायच्या. टेबलावरच्या त्या लहानशा प्रयोगात न हलणाऱ्या बोटासाठी माणसे निरोगी हातावर सुरी चालवून घ्यायला तयार झाली होती.

२९/
विचारांत बदल झाला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. १९०५ मध्ये जर्मन वैद्यक फ्रीड्रिश आडोल्फ श्टाइनहाउझेन याने पियानोशिक्षणातील शारीरिक चुकांवर पुस्तक लिहिले. बोटांची कवायत हा मूळ प्रश्न नाही. वादनाचे तंत्र मुख्यतः मज्जासंस्थेत घडते, असे त्याने सांगितले. १९२९ मध्ये बाल्टिमोरच्या ओटो ऑर्टमन यांनी वादकाच्या हालचालींची प्रयोगशाळेत मोजमापे घेऊन ग्रंथ सिद्ध केला. एकट्या बोटाऐवजी आता खांदा, बाहू आणि मनगट यांचा मेळ पाहिला जाऊ लागला.

३०/
तरीही प्रश्न इतिहासजमा झाला नाही. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर (१९२८–२०२०) यांच्या उजव्या हाताची दोन बोटे १९६० च्या दशकाच्या मध्यात, ऐन भरात असताना, आत वळू लागली. तीस वर्षे ते डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत, संचलन करत आणि शिकवत राहिले. १९९० च्या दशकात बोट्युलिनम विषाच्या इंजेक्शनांनी त्यांना दोन्ही हातांनी वाजवणे पुन्हा शक्य झाले. शुमानच्या नशिबी असे निदानही नव्हते आणि असा उपचारही.

३१/
अग्रबाहू आणि बोटे बळकट करण्याचे व्यायाम वाईट, असा निष्कर्ष यातून काढू नये. मल्लाला, गिर्यारोहकाला, दुखापतीतून सावरणाऱ्या रुग्णाला पकडीचे बळ लागतेच, आणि ते योग्य मापाने वाढवता येते. लोजिएपासून हर्त्झपर्यंत सर्वांची चूक वेगळी होती. बोटांतील फरक हा दोष मानला गेला, कौशल्याची उणीव ही बळाची उणीव मानली गेली, आणि लक्ष नसतानाही आवर्तने फळतात असे गृहीत धरले गेले. समोर पुस्तक ठेवून केलेला सराव या तिसऱ्या चुकीचा नमुना आहे.

३२/
वादनाचे दार बंद झाल्यावर शुमानने १८३४ मध्ये लाइपझिगमध्ये एक संगीत-नियतकालिक उभे केले. १२ सप्टेंबर १८४० रोजी त्याचा क्लाराशी विवाह झाला. त्या एका वर्षात त्याने शंभराहून अधिक गीते रचली. त्याच्या पियानोरचना लोकांपर्यंत पोचवण्याचे काम क्लाराच्या हातांनी केले, आणि १८५६ मध्ये त्याचे निधन झाल्यावरही अनेक दशके ते चालू ठेवले. हात गेला म्हणून संगीतकार घडला, असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. संगीत तो हात जाण्यापूर्वीच रचत होता. हाताचे दुःख मात्र उरलेच.

३३/
१८५० मध्ये शुमानने बाल-वादकांसाठी संगीतविषयक उपदेशांची एक मालिका प्रसिद्ध केली. त्यात मुक्या पट्ट्यांच्या साधनांविषयी एक उपदेश आहे. आशय असा की ती साधने थोडी वापरून पाहावीत, म्हणजे ती निरुपयोगी आहेत हे कळेल. मुक्याकडून बोलायला शिकता येत नाही. स्वतःच्या हाताचा उल्लेख तेथे नाही. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या रोजनिशीशेजारी हा उपदेश ठेवून वाचला, की तो कोणाच्या अनुभवातून आला हे वेगळे सांगावे लागत नाही.

(धागा समाप्त)